गणपतीची रोषणाई: माळ लावण्याआधी लोडचा हिशेब

एलईडी आल्यापासून गणपतीच्या रोषणाईचा लोड पुष्कळ उतरलाय. पूर्वी मखरासमोर पाचशे वॅटचे दोन हॅलोजन ठेवले की हजार वॅट तिथेच संपायचे. आज तेवढ्यात ओटी, पडवी आणि घरापुढचं खळं सगळं उजळून वर शिल्लक राहतं. म्हणूनच सणाला कोकणात गावी येणारे बरेच चाकरमानी हिशेब करायच्या भानगडीत पडत नाहीत. ‘एलईडीच ती, खाऊन खाऊन किती खाणार?’

माळ फार खात नाही हे खरंच. पण सणात जळालेला प्लग उघडून बघा. पितळी पिनेला निळसर-काळा रंग चढलेला असतो, सॉकेटचं भोक पिवळं पडून वितळलेलं असतं आणि आतली पत्ती ढिली झालेली असते. तिथे माळ होतीच, पण त्याच बोर्डवर कोणीतरी इस्त्रीही लावलेली असते किंवा पाहुण्यांच्या चहासाठी किटली. वर्षातले दहा महिने बंद असलेल्या घराची वायर चार दिवसांत एकदम कामाला लागते आणि जिथे ती कच्ची असते तिथे तापते. तेव्हा लोड मोजताना एकच लक्षात ठेवा: लाइटपासून मेन स्विचपर्यंतच्या वाटेत सगळ्यात कच्ची जागा कोणती, आणि तिला किती पेलेल? घरात पाच किलोवॅटचं कनेक्शन असलं तरी मधली एक्स्टेन्शन केसासारखी बारीक असेल, तर हिशेब त्या एक्स्टेन्शनचा करायचा.

हा लेख पहिल्यांदाच स्वतः रोषणाई करणाऱ्यांसाठी आहे. गणित सहावी-सातवीचं आहे. मेन बोर्ड उघडणं, नवी लाइन ओढणं ही कामं मात्र लायसन असलेल्या वायरमनची. तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी मिळत नाही, म्हणून श्रावणातच सांगून ठेवा.

आधी बिल आणि मेन बोर्ड बघा

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. जुन्या घरांत हा आकडा बहुधा लहान असतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा घरात चार बल्ब आणि एक पंखा होता. आता फ्रिज, पंप, मिक्सर, गिझर सगळं आलंय आणि आकडा तोच आहे. भार वाढवून घ्यायचा असेल तर रीतसर अर्ज करता येतो. सणाआधी तेवढा वेळ नसेल, तर निदान गिझर आणि पंप आरतीच्या वेळी लावू नका.

मग मेन बोर्डपाशी जा. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारे स्विच, असतील तर प्रत्येकावर आकडा छापलेला असतो: सी ६, सी १०, बी १६ असा. आकडा अँपिअरचा. आता एकेक एमसीबी खाली पाडा आणि घरात काय बंद होतं ते कागदावर लिहा. कुठला बोर्ड कोणत्या एमसीबीवर आहे हे कळल्याशिवाय पुढचा हिशेब नुसता अंदाज ठरतो. माजघर आणि स्वयंपाकघर एकाच एमसीबीवर निघालं, तर नवल वाटून घेऊ नका.

जुन्या कौलारू घरात अजून लाकडी पट्टीवरची वायर आणि चिनीमातीचे फ्यूज सापडतात. अशा ठिकाणी आख्ख्या घराला एक किंवा दोनच फ्यूज असतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घालून ठेवलेली असते. ती दिसली तर रोषणाई बाजूला ठेवा आणि आधी वायरमन बोलवा. जाड तारेचा फ्यूज उडत नाही, त्याच्याऐवजी भिंतीवरची वायर जळते, आणि त्या वायरच्या वर लाकडी वासे असतात.

प्रत्येक गोष्टीचे वॅट लिहून काढा

माळेच्या खोक्यावर, अडॅप्टरच्या पाठीवर, फोकसच्या मागे वॅट लिहिलेले असतात. बाजारात मिळणारी दहा मीटरची साधी एलईडी माळ पाच ते दहा वॅटची असते. रोप लाइट, म्हणजे पाइपातली लाइट, मीटरला साधारण आठ वॅट धरा. एलईडी फोकस दहा, वीस, तीस, पन्नास असे येतात. मूर्तीमागचं फिरतं चक्र पाच-दहा वॅटच्या वर जात नाही.

चिकटणाऱ्या पट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त गडबड तिथेच होते. दाट दिव्यांची बारा व्होल्टची पट्टी, मीटरला साठ दिव्यांची, पूर्ण पांढऱ्या उजेडाला मीटरमागे १४.४ वॅट घेते. पाच मीटरचा रोल म्हणजे ७२ वॅट. बाराने भागा, सहा अँपिअर झाले. दुकानदार त्याच्याबरोबर हाताला येईल तो अडॅप्टर देतो, तो बहुतेक वेळा ‘१२ व्होल्ट ५ अँपिअर’ असतो, म्हणजे साठ वॅटचा. तो चालतो, लाइट लागते, सगळे खूश. पण रात्रभर तो त्याच्या कुवतीबाहेर चालत असतो, आणि नेमका मखराच्या कापडामागे दडवलेला असतो. पाच मीटरला निदान आठ अँपिअरचा घ्या. एका रोलच्या शेपटीला दुसरा रोल जोडला तर पट्टीची बारीक पत्री सगळा करंट ओढते आणि दुसऱ्या टोकाचा उजेडही पिवळट पडतो. दोन्ही रोलना अडॅप्टरपासून वेगवेगळी वायर न्या.

खोक्यावर वॅट नसतील तर? घरातला मीटर उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६०० इम्प’ असा आकडा इंग्रजीत असतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त रोषणाई चालू ठेवा आणि दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटर ३२०० चा असेल तर त्या आकड्याला १८.७५ ने गुणा, १६०० चा असेल तर ३७.५ ने. उत्तर वॅटमध्ये येतं. फ्रिज बंद करायला विसरू नका, नाहीतर मखर भलतंच खादाड निघेल.

वॅटवरून अँपिअर

वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात. सहा अँपिअरचं साधं सॉकेट म्हणजे १३८० वॅट, सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट म्हणजे ३६८० वॅट. ही झाली कमाल. तासन्‌तास चालणारी रोषणाई कमालीवर ठेवायची नसते, म्हणून मी ऐंशी टक्केच धरतो: सहाच्या जागी ४.८ आणि सोळाच्या जागी १२.८ अँपिअर.

इथे एलईडीची एक खोड माहीत हवी. स्वस्त माळा आणि अडॅप्टर यांचा पॉवर फॅक्टर कमी असतो, अनेकदा अर्ध्याच्या आसपास. याचा अर्थ असा की शंभर वॅटची वस्तू कागदावर ०.४३ अँपिअर घ्यायला हवी, पण वायरमधून त्याच्या दुप्पट, ०.८७ अँपिअर वाहतात. बिलात ही वाढ दिसत नाही, वायरला मात्र ती सोसावी लागते. म्हणून वस्तूवर पॉवर फॅक्टर ०.९ असं लिहिलेलं नसेल, तर आलेले अँपिअर सरळ दुप्पट करा.

एक घर घेऊन बघू. चार माळा, प्रत्येकी आठ वॅट: ३२. पट्टीचे दोन रोल, अडॅप्टरमध्ये वाया जाणारं धरून १६५. तीस वॅटचे दोन फोकस: ६०. चक्र १०. पडवीला आणि खळ्याभोवती वीस मीटर रोप लाइट: १६०. एकूण ४२७ वॅट. भागिले २३०, आले १.८६. दुप्पट केले की ३.७ अँपिअर. सहाच्या सॉकेटची आपली मर्यादा ४.८ आहे, तेव्हा एका बोर्डवर हे सगळं बसतं. विजेचा खर्चही किरकोळ आहे: रोज सहा तास लावलं तर दिवसाला अडीच युनिट.

आता संध्याकाळी भजन आहे. त्याच बोर्डवर अँप्लिफायर लागतो, २५० वॅट धरा. बुवांना वारा हवा म्हणून दोन उभे पंखे, १२० वॅट. पाहुण्यांचे मोबाइल चार्जर सगळे मिळून १००. माळा, अँप्लिफायर, चार्जर ही इलेक्ट्रॉनिक मंडळी ७७७ वॅटची झाली. त्यांचे दुप्पट करून पावणेसात अँपिअर, पंख्यांचे अर्धा-पाऊण. बेरीज साडेसातच्या आसपास. वॅट नऊशेच्या आत आहेत, १३८० च्या जवळपासही नाहीत, तरी सहाचं सॉकेट ओलांडलं गेलंय. आणि अजून चहाची किटली लागलेली नाही! ती एकटी १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर.

उपाय वाटणीचा. खळ्यातली लाइट पडवीच्या बोर्डवरून घ्या, तो वेगळ्या एमसीबीवर असेल तर. भजनाचं सामान तिसरीकडून. इस्त्री, किटली, मिक्सर, इंडक्शन यांना स्वयंपाकघरातल्या सोळाच्या सॉकेटशिवाय कुठेही जागा नाही. मोठ्या प्लगला लहान सॉकेटमध्ये बसवून देणारा जो जोडप्लग दहा-वीस रुपयांना मिळतो, तो घरात ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. १८० वर आलं तर अडॅप्टर आपला उजेड टिकवायला जास्त करंट ओढतात, साधारण सव्वापट. डिम लाइटमध्ये लोड कमी होतो हा समज पिवळ्या बल्बच्या काळातला आहे.

एक्स्टेन्शन: एमसीबी हिला ओळखत नाही

दीडची वायर, अडीचची वायर असं आपण म्हणतो ते तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. लवचिक वायरला मी हात राखून असं धरतो: ०.५ ला तीन अँपिअर, ०.७५ ला सहा, एकला दहा, दीडला तेरा. वायरीवर हा आकडा छापलेला असतो. छापलेला नसेल तर ती वायर घेऊ नका, मग ती दिसायला कितीही जाड असो. वरचं प्लास्टिक जाड आणि आत चार तंतू, असा माल सणाच्या बाजारात भरपूर येतो.

सोळाचा एमसीबी असलेल्या सॉकेटमध्ये तुम्ही ०.७५ ची एक्स्टेन्शन लावली आणि तिच्यावर बारा अँपिअरचा लोड टाकला, तर वायर दुप्पट लोडने तापते आणि एमसीबी शांत बसतो, कारण त्याच्या लेखी बारा म्हणजे सोळापेक्षा कमी. तो बसवलाय भिंतीतल्या अडीचच्या वायरसाठी. शिवाय सोळाचा एमसीबी सोळा झाले की लगेच पडतो असंही नाही. प्रमाणानुसार १.१३ पट करंटला त्याने तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पट करंटला तासाभरात पडायचं असतं. म्हणजे अठरा अँपिअर तो निवांत सोसतो. ‘एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा.

एक्स्टेन्शनला चार सॉकेट असोत की आठ, एकूण मर्यादा तिच्या एका प्लगची आणि वायरची. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरी लावायची नाही. उरलेली वायर गुंडाळी करून मखरामागे टाकायची नाही, गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. पायाखालून, चटईखालून न्यायची नाही. आरतीला पंचवीस माणसं त्या चटईवर उभी असतात.

माळेला माळ जोडण्याचंही तसंच. शेपटीला सॉकेट असलेल्या माळा एकापुढे एक जोडल्या की सगळ्यांचा करंट पहिल्या माळेच्या बारीक तारेतून जातो. किती जोडायच्या हे खोक्यावर असेल तर तेवढ्याच, नसेल तर तीनच्या पुढे नको. जुन्या छोट्या बल्बच्या माळेत एखादा बल्ब गेला की चांदीचा कागद घालून माळ चालू करण्याची कला काहींना अवगत असते. तसं केलं की बाकीच्या प्रत्येक बल्बवर जास्त व्होल्टेज येतं, तो जास्त तापतो आणि लवकर जातो. मग पुन्हा कागद.

पाऊस आणि खारी हवा

भाद्रपदात कोकणात पाऊस असतोच, आणि समुद्राकाठच्या गावांत हवेतलं मीठ पितळेला आणि लोखंडाला सोडत नाही. बंद घराच्या सॉकेटमध्ये हिरवट थर बसतो, स्क्रू गंजतात, जोड ढिला होतो. अशा जोडाला अर्धा ओहम जरी रोध आला तरी सहा अँपिअरला तिथल्या तिथे अठरा वॅट उष्णता तयार होते, नखाएवढ्या जागेत. लोडचा हिशेब बरोबर असूनही प्लग जळतो तो असा. ज्या सॉकेटमध्ये पिन सैल बसते किंवा स्विच दाबल्यावर चरचर आवाज येतो, ते बदलून घ्या. फार पैसे लागत नाहीत.

खळ्यातल्या आणि अंगणातल्या लाइटवर ‘आयपी ६५’ असं लिहिलेलं बघून घ्या. पावसाचे फवारे ती सोसते. पण लाइट सोसते म्हणून तिचा प्लग आणि अडॅप्टर सोसतील असं नाही. जोड पागोळ्यांच्या आत, जमिनीपासून वर, आणि वायर आधी खाली उतरून मग वर चढेल अशी बांधा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जोडात न शिरता खाली पडेल. जोडाला प्लास्टिकची पिशवी बांधणं वाईट, कारण आत घाम धरतो. सेलोटेप तर चिकटपट्टीच्या कामाचीही नाही इतक्या दमट हवेत.

सिंधुदुर्गाकडे माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात तिथे आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. आंब्याचे टाळे (डहाळ्या), कवंडाळं ही रानफळं, हरणं ही रानफुलं, नारळ सगळं पावसातून आणलेलं, ओलं. बांधल्यावर तासन्‌तास थेंब खाली गळतात, आणि नेमका तिथेच, मूर्तीच्या डोक्यामागे, एक्स्टेन्शन बोर्ड ठेवलेला असतो. बोर्ड बाजूला, भिंतीला टांगून ठेवा. माटवीच्या लाकडाला माळ गुंडाळायचीच असेल तर बारा व्होल्टची, आणि टाळे निथळल्यावर.

थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे मखर आता कापडाचं, पुठ्ठ्याचं, कागदाचं होतं. तेही पेट घेतंच. अडॅप्टर कापडात गुंडाळू नका, भोवती चार बोटं मोकळी हवा ठेवा. हॅलोजन असेल तर मखराजवळ आणूच नका.

या सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. करंट माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जायला लागला की तो लाइन तोडतो. त्याच्यावरचं ‘टी’ बटण सणाआधी दाबून बघा, लगेच पडला पाहिजे. ओलीमुळे तो सारखा पडत असेल तर गळती शोधा. त्याला बगल देऊन थेट जोडणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. आणि तो ओव्हरलोडसाठी नसतो, तिथे एमसीबीच लागतो. अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल गेलेलाच नसतो.

एक रात्र आधी चालवून बघा

मूर्ती यायच्या आदल्या रात्री सगळं एकदम चालू करा: रोषणाई, पंखे, अँप्लिफायर, सगळं. अर्ध्या तासाने स्विच बंद करा, प्लग काढा आणि पालथ्या हाताने पिन, प्लग, अडॅप्टर आणि वायरची दोन-तीन ठिकाणं चाचपा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तो जोड किंवा ती वायर बाद. जळका, माशासारखा वास आला तरीही बाद. स्विच बोर्डातलं तापलेलं प्लास्टिक असंच काहीसं वास मारतं आणि कोकणातल्या घरात तो वास स्वयंपाकघरातून आला असं समजून सोडून दिला जातो.

रात्री झोपताना रोषणाई बंद. देवापुढे समई असते, तेवढा उजेड पुरतो. विजा कडाडायला लागल्या तर नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. काही पेटलंच तर आधी मेन स्विच, मग बाकीचं. चालू लाइनवर पाणी ओतू नका.

लाइट गेली तर

इन्व्हर्टरवर फक्त माळा, दोन बल्ब आणि पंखा ठेवा. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते, पण जुनी असेल तर निम्मंच धरा. दीडशे वॅटचा लोड सहा तास चालेल.

जनरेटर आणणार असाल, तर तो चेंजओव्हर स्विचवरच, म्हणजे बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एका वेळी एकच जोडणाऱ्या स्विचवर, जोडा. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर घरच्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा प्रकार जीवघेणा आहे. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढून लाइनला हजारो व्होल्ट होते, आणि तिकडे पावसात लाइनमन तारेला हात लावून असतो. तार तुटलेली दिसली तर जवळ जाऊ नका, १९१२ ला फोन करा.

वाडीचा सार्वजनिक गणपती असेल तर

इथे घरगुती हिशेब पुरत नाही. महावितरण उत्सवासाठी तात्पुरतं कनेक्शन देतं, ते घ्या. एखाद्याच्या घरातून वायर ओढली तर त्या घराचा मंजूर भार आणि वायर दोन्ही कमी पडतात, आणि तारेवर आकडा टाकणं ही विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली सरळ चोरी आहे. अर्जात लोड लिहिताना वरच्याच पद्धतीने यादी करा, फक्त साउंडवाल्याकडून आणि लाइटवाल्याकडून त्यांचे आकडे लेखी घ्या. ‘दोन-तीन हजार वॅट असेल’ हे उत्तर मान्य करू नका. थ्री फेज मिळालं तर लोड तिन्ही फेजवर सारखा वाटून घ्या आणि न्यूट्रलची वायर फेजएवढीच जाड मागा, कारण एलईडीच्या अडॅप्टरांचा काही करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाही, त्याची बेरीज होते. मंडप लोखंडी पाइपचा आणि पत्र्याचा असेल तर त्याला स्वतंत्र अर्थिंग हवं, आणि पाइपला वायर उघडी गुंडाळायची नाही. मेन स्विच कुठे आहे हे मंडळातल्या निदान चार जणांना दाखवून ठेवा, त्यातला एक जण रात्री मंडपात झोपणारा असावा.